ट्रेलर-केबिनच्या छतातून व्हेंट फॅनची वायर कशी न्यावी

मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात दिवसभर उभी राहिलेली चाकावरची केबिन संध्याकाळीसुद्धा आत पाय टाकू देत नाही. मग ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बांधून घेतलेली जागलीची खोली असो, की ताडोब्याच्या बाजूला पाहुण्यांसाठी उभा केलेला कॅराव्हॅन. गरम हवा वर चढते आणि छताखाली कोंडून बसते. तिला बाहेर काढायचा सरळ उपाय म्हणजे छतात बसणारा १२ व्होल्टचा व्हेंट फॅन. पंखा बसवणं तसं सोपं आहे. अवघड आहे ते बॅटरीपासून छताच्या मध्यापर्यंत, बंद पॅनेलच्या आतून वायर नेणं.

केबिनमध्ये वायरीसाठी सगळ्यात वाईट जागा कुठली असेल तर ती छत. तिथे उष्णता सर्वांत जास्त, रस्त्यावरचे हादरे आहेत आणि उंदरांना लपायला जागाही तिथेच आहे. म्हणून वायर अशी टाका की उद्या ती खराब झाली तर छत न उघडता ओढून काढता येईल आणि तिच्या जागी दुसरी टाकता येईल. पुढे जे जे सांगतो त्यामागे हाच हिशेब आहे.

पंखा हातात आल्याशिवाय छताला हात लावू नका

परदेशी बनावटीच्या कॅराव्हॅन-पंख्यांना बहुधा १४ इंच बाय १४ इंचाचं भोक लागतं. आपल्याकडे मिळणाऱ्या इतर पंख्यांची मापं वेगवेगळी असतात. तेव्हा पंखा समोर ठेवून त्याच्या गळ्याचं माप स्वतः घ्या, डब्यावरच्या चित्रावर जाऊ नका. मग लेबल वाचा. १२ व्होल्ट, ३६ वॅट लिहिलं असेल तर ३६ भागिले १२, म्हणजे पूर्ण वेगात पंखा ३ अँपिअर खेचणार. रात्रीचे दहा तास चालला तर ३० अँपिअर-तास झाले. १०० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य घटतं, म्हणून खरे वापरायला मिळतात ५०. त्यात पंखा, एक-दोन एलईडी दिवे आणि मोबाईलचं चार्जिंग एवढं एका रात्रीत बसतं. मात्र दुसऱ्या दिवशी सोलर पॅनेलने ते भरून काढलं पाहिजे.

बऱ्याच सोलर इन्व्हर्टरना दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तुमच्याकडे तसं असेल तर त्यातल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढू नका. एक बॅटरी रोज जास्त उतरते, दुसरी रोज जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर बाद होतात. २४ चे १२ करणारा डीसी कन्व्हर्टर लावा.

वायर किती जाडीची

घरच्या पंख्याला एक किंवा दीड एमएमची (म्हणजे तांब्याच्या छेदाचं माप तितके चौरस मिलिमीटर) वायर चालते, मग या छोट्या पंख्याला कशाला जाड, असं बहुतेकांना वाटतं. इथेच गडबड होते. २३० व्होल्टमध्ये अर्धा व्होल्ट वाटेत गेला तर काही जाणवत नाही, पण १२ मध्ये गेला तर पंखा लगेच मंदावतो.

एक हिशेब करून पाहू. बॅटरी केबिनच्या एका टोकाला खाली, पंखा मध्ये वर. भिंतीवरून, छतातून, वळणं धरून वायरची वाट ६ मीटर भरली. करंटला जायचं असतं तसं परतही यायचं असतं, म्हणून एकूण लांबी १२ मीटर. दीड एमएमच्या बहुतारी तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरमागे साधारण १३.३ ओहम, अडीच एमएमचा साधारण ८ ओहम. ३ अँपिअरला दीड एमएममध्ये ०.४८ व्होल्ट वाटेत जातात, म्हणजे ४ टक्के. अडीच एमएममध्ये ०.२९ व्होल्ट, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आत. हे आकडे २० अंश तापमानाचे आहेत. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, आणि ६० अंशांना तो सुमारे १६ टक्क्यांनी जास्त असतो. आपल्या छतात दुपारी तेवढी गरमी सहज असते. तेव्हा दीड एमएमची घट साडेचार टक्क्यांवर जाते आणि अडीच एमएमची तीन टक्क्यांच्या आतच राहते. घट तीन टक्क्यांच्या आत ठेवायची, असं धरून चाला. म्हणून या पंख्याला अडीच एमएम. वाट लांब असेल किंवा पंखा जास्त करंट खेचणारा असेल तर चार एमएम.

वायर बहुतारीच (म्हणजे बारीक तारांच्या जुडग्याची) घ्या. एकाच जाड तारेची वायर हादऱ्यांनी आतल्या आत तुटते आणि वरून काही दिसत नाही. दुसरी गोष्ट आवरणाची. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंशांची असते, एचआर (जास्त उष्णता सोसणाऱ्या) प्रकाराची ८५ अंशांची. दुकानात ‘एचआर एफआर’ (एफआर म्हणजे आग सहज न धरणारी) म्हणून मागा आणि वायरवर छापलेलं वाचून घ्या. किमतीतला फरक थोडा आहे, तो या छतासाठी द्यावाच.

छताच्या आत काय आहे ते ओळखा

आपल्याकडच्या केबिनचं छत साधारण तीन प्रकारचं असतं.

पहिला प्रकार म्हणजे वर टिन, मध्ये एक इंची चौकोनी लोखंडी पाइपची चौकट, पाइपांच्या मधल्या कप्प्यांत ग्लासवूल, आणि खाली प्लाय किंवा पीव्हीसी पॅनेल. वायर ओढायला हा सगळ्यात सोयीचा. ग्लासवूल मऊ असतं, वायर ओढायची स्टीलची स्प्रिंग त्यातून सरकते.

दुसऱ्या प्रकारात ग्लासवूलच्या जागी थर्माकोल भरलेला असतो. स्वस्त पडतो म्हणून खेड्यापाड्यातले फॅब्रिकेटर तोच भरतात. थर्माकोलशी पीव्हीसी वायर टेकून राहिली तर आवरण मऊ ठेवणारं रसायन थर्माकोलमध्ये शोषलं जातं. आवरण कडक होतं, मग तडकतं, आणि थर्माकोलही त्या जागी वितळल्यासारखा चिकट होतो. उष्णतेत हे आणखी लवकर होतं. त्यामुळे अशा छतात उघडी वायर कधीही टाकू नका, कडक पीव्हीसी पाइपातूनच न्या. कडक पाइपात ते मऊ ठेवणारं रसायन नसतं, म्हणून त्याला थर्माकोलचा त्रास होत नाही.

तिसरा प्रकार पफ पॅनेलचा. दोन पत्र्यांच्या मध्ये घट्ट फोम भरलेला, आत पोकळी नावालाही नाही. यात वायर ओढण्याचा हट्ट धरू नका. सळई घुसवून वाट करायला गेलात तर फोम पत्र्यापासून सुटतो आणि पॅनेलची ताकद जाते. इथे खालून केसिंग पट्टी (वायर झाकणारी प्लास्टिकची पोकळ पट्टी) मारून वायर न्यावी. सरळ रेषेत, कोपऱ्याने नेलेली पट्टी वाईट दिसत नाही, आणि काढायला-घालायला तिच्याइतकी सोपी दुसरी वाट नाही.

कुठला प्रकार आहे ते पाहायला आधीच्या दिव्याचं भोक असेल तर दिवा काढून आत टॉर्च मारा. नसेल तर जिथे पंख्याचं मोठं भोक पडणार आहे त्याच्या बरोबर मध्ये एक बारीक भोक पाडा. पुढे तो तुकडा निघूनच जाणार आहे. भोकातून काटकोनात वाकवलेली तार आत घालून गोल फिरवा. तार कुठे अडते त्यावरून पाइप किती अंतरावर आहे ते कळतं. लोखंडी चौकट असेल तर खालून लोहचुंबक फिरवत गेलात की पाइपांची रेषा सापडते, पेन्सिलने खूण करत चला. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला चुंबक धरत नाही, तिथे स्क्रूंची रांग पाहा आणि बोटाने ठोकून आवाज ऐका.

हे सगळं करण्याआधी बॅटरी सोडवा आणि केबिनला बाहेरून २३० व्होल्टचा पुरवठा असेल तर त्याची पिन काढून ठेवा. मेन स्विच खाली केला म्हणजे झालं, असं समजू नका. छतात आधीच्या वायरी कुठून गेल्या आहेत ते आपल्याला दिसत नसतं.

वाट ठरवा, मग भोक पाडा

पंख्याचं भोक दोन पाइपांच्या मध्ये यावं. पाइप आडवा येत असेल तर पंखा चार इंच सरकवा, पाइप कापू नका. अगदीच इलाज नसेल तर आधी भोकाभोवती चौकट वेल्ड करून घ्यावी लागते. पण ते फॅब्रिकेटरचं काम आहे, आणि तेही आजूबाजूचा थर्माकोल किंवा ग्लासवूल काढून, पाण्याची बादली जवळ ठेवून. वर सोलर पॅनेल असेल तर पंख्याचं झाकण उघडल्यावर त्याची सावली पॅनेलवर पडणार नाही, हेही आत्ताच पाहा. पॅनेलच्या एका कोपऱ्यावरची सावलीसुद्धा चार्जिंग बरंच कमी करते.

वायर पाइपांना समांतर न्या. एका कप्प्यात शिरली की त्याच कप्प्यातून भिंतीपर्यंत जावी. प्रत्येक पाइप ओलांडायचा म्हणजे प्रत्येक पाइपाला भोक पाडायचं, आणि प्रत्येक भोकाची धार म्हणजे वायर घासायची जागा. कप्पा भिंतीच्या ज्या जागी संपतो तिथून खाली बॅटरीपर्यंत केसिंग पट्टी मारली की अर्धं काम कमी होतं. एखादा पाइप ओलांडावाच लागला तर भोक पाइपाच्या उंचीच्या मधोमध पाडा, धार कानशीने घासा आणि रबरी ग्रोमेट (भोकाच्या धारेवर बसणारं कडं) बसवल्याशिवाय वायर आत घालू नका.

पंख्याचं मोठं भोक वायर ओढण्याआधी कापून घ्या, कारण कापताना पडणारा लोखंडाचा कीस टोकदार असतो आणि वायरच्या आवरणात रुततो. खालून पॅनेल कापा, चारही कोपऱ्यांत बारीक छिद्रं वरपर्यंत पाडा, आणि मग वर चढून त्या खुणांवरून टिन कापा. हे काम सकाळी लवकर करा. उन्हं चढल्यावर टिनावर गुडघा टेकवत नाही. वरचा कीस ब्रशने पूर्ण झाडून काढा. छतावर राहिला तर पहिल्या पावसात गंजतो आणि पत्र्यालाही तिथेच गंज धरतो. ग्लासवूल असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा आणि नाकावर मास्क हवा. अंगाला खाज सुटली तर चोळू नका, थंड पाण्याने धुवा.

वायर ओढणं

इथे दोन माणसं हवीत. एकट्याने होतं, पण वायर सोलून निघते.

वायरमन वापरतात ती स्टीलची चपटी स्प्रिंग घ्या. ती मिळाली नाही तर गाडीच्या क्लचची जुनी केबल चालते. बाइंडिंग वायर मात्र नको, ती वाकली की आत गुंता करते. स्प्रिंग पंख्याच्या मोठ्या भोकातून भिंतीकडे ढकला, उलटं नाही. मोठ्या भोकातून तुम्हाला हात घालून तिला दिशा देता येते. भिंतीकडे बाहेर पडायच्या जागी २० मिमीचं भोक असू द्या आणि दुसरा माणूस तिथे टॉर्च घेऊन उभा करा.

स्प्रिंग अडली की कशाला अडली ते हाताला कळतं. ग्लासवूलमध्ये अडली तर हळूहळू जड होत जाते आणि सोडली की थोडी मागे येते. पाइपाला लागली तर टक् असा आवाज होऊन जागीच थांबते. ग्लासवूलमध्ये अडली असेल तर स्प्रिंग थोडी मागे घ्या, अर्धा वळसा फिरवा आणि पुन्हा ढकला. पाइपाला लागली असेल तर जोर लावून उपयोग नाही, तुमची वाट चुकली आहे. चुंबकाने पुन्हा रेषा पाहा.

टोक पलीकडे निघालं की आधी पाइप, मग वायर. २० मिमीचा लवचिक खोबणीदार पाइप ग्लासवूलच्या छताला पुरतो. थर्माकोलच्या छतात वर सांगितल्याप्रमाणे कडक पाइपच घ्या. तो स्प्रिंगच्या मागे ओढला जात नाही, तेव्हा मोठ्या भोकातून एकेक तुकडा जोडत ढकलत न्यावा लागतो, आणि त्यासाठी पाइपाच्या जाडीएवढा थर्माकोल आधी खरवडून वाट करावी लागते. वेळखाऊ आहे, तरी घाई करू नका.

वायरचं टोक स्प्रिंगला बांधताना दोन्ही वायरी एकाच ठिकाणी वाकवू नका, गाठ जाड होते. एक वायर दोन इंच आखूड ठेवा, तांबं सोलून स्प्रिंगच्या डोळ्यातून घाला, मागे वळवून पिळा आणि वरून इन्सुलेशन टेप पुढून मागे निमुळता होत जाईल असा गुंडाळा. सोबत एक नायलॉनची दोरीही बांधा. आता एकाने हळू ओढायचं आणि दुसऱ्याने तेवढीच वायर आत सोडत राहायचं. ओढणाऱ्याने ‘थांब’ म्हटलं की ढकलणाऱ्याने लगेच थांबायचं. वायर आली की ती नायलॉनची दोरी पाइपातच राहू द्या, दोन्ही टोकांना बांधून. पुढे वायर बदलायची झाली किंवा दिव्यासाठी आणखी एक न्यायची झाली तर हीच दोरी कामाला येते. पंख्याजवळ एक वीतभर वायर जास्तीची ठेवा. पंखा काढून खाली घेता आला पाहिजे.

पाइपाची दोन्ही तोंडं बारीक लोखंडी जाळीने बंद करा, वायर जाईल एवढीच जागा सोडून. सोयाबीन निघालं की वावरातले उंदीर आसरा शोधत फिरतात, आणि धुऱ्यावर उभी केबिन त्यांना आयतीच सापडते.

जोडणी

पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्हींसाठी वेगळी वायर न्या. लोखंडी चौकटीलाच निगेटिव्ह समजून वायर वाचवायचा मोह होतो, पण चौकटीचे सांधे गंजतात, रंगाने झाकलेले असतात आणि पंखा कधी चालतो, कधी चालत नाही.

पॉझिटिव्हवर फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीपासून एका वीतेच्या आत. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या वायरीला कोणतंच संरक्षण नसतं, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी. ३ अँपिअरच्या पंख्याला गाड्यांमध्ये असतो तो ५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज बसतो. पंख्यासोबतच्या कागदात वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. घरच्या बोर्डातला एसीचा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) फ्यूजच्या जागी लावू नका. एसीमध्ये करंट दर सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून एमसीबी उघडताना पडलेली ठिणगी विझते. डीसीमध्ये करंट शून्यावर येतच नाही, ठिणगी तग धरते.

वायरच्या टोकांना तांब्याचे लग (टोकाला बसणारी जोडणीची टोपी) क्रिम्पिंगच्या पकडीने दाबून बसवा, आणि दाबल्यावर हाताने जोरात ओढून पाहा. पिळून टेप लावलेला जोड घरात वर्षानुवर्षं टिकत असेल, पण वावरातल्या चाकोरीतून ट्रॅक्टरमागे जाणाऱ्या केबिनमध्ये तो सुटणारच. जोडावर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा.

रंगांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. १२ व्होल्टमध्ये लाल पॉझिटिव्ह, काळी निगेटिव्ह. आपल्या गावच्या वायरमनला मात्र लाल म्हणजे फेज आणि काळी म्हणजे न्यूट्रल, हीच सवय आहे. अशीच एक केबिन उघडून दाखवली तेव्हा आमच्याकडचा वायरमन म्हणाला, “भाऊ, मी तर याले सरळ बोर्डावर जोडलं असतं.” त्याचं काहीच चुकलं नव्हतं. म्हणून दर दोन हातांवर पांढऱ्या टेपवर ‘१२ व्होल्ट डीसी’ लिहून चिकटवा. २३० व्होल्टची वायर त्याच पाइपात कधीही टाकू नका, आणि १२ व्होल्टसाठी घरच्यासारखा तीन पिनचा सॉकेट लावू नका. पंख्याला पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटे जोडले तर साधी मोटर उलटी फिरते, पण वेग बदलणारं सर्किट असलेला पंखा जळू शकतो.

बंद करणं आणि तपासणं

पंख्याच्या कडेखाली ब्युटाईल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी), स्क्रूंच्या डोक्यांवर आणि कडेला उन्हात टिकणारा पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट लावा. मृगाच्या आधी बादलीभर पाणी ओतून खाली कोरडं राहतं का ते पाहून घ्या.

मग पंखा पूर्ण वेगात चालवून मल्टिमीटरने आधी बॅटरीवर आणि मग पंख्याच्या टोकांवर व्होल्ट मोजा. पंखा बंद असताना मोजून काही कळत नाही, करंटच वाहत नसतो. वरच्या हिशेबातल्या अडीच एमएम वायरीला फरक ०.३ व्होल्टच्या आसपास यावा. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर कुठलातरी लग नीट दाबला गेलेला नाही. पंखा चालू असताना एकेक जोड बोटाने चाचपून पाहा, ढिला असेल तो गरम लागेल.

पंखा लावला आणि खिडक्या सगळ्या बंद, असं करू नका. जेवढी हवा खालून आत येईल तेवढीच वरून बाहेर जाईल. सावलीच्या बाजूची एक खिडकी उघडा, बाकीच्या बंद ठेवा. कूलर असेल तर त्याच्यासमोरची खिडकी बंद करून छताचा पंखा सुरू करा. कूलरला हवा पुढे जायला वाट लागते, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. आपल्या कोरड्या मे महिन्यात ही जोडी उत्तम चालते.

केबिन हलवण्याआधी पंख्याचं झाकण बंद करून खिटी लावा. पहिल्यांदा लांब ओढून नेलीत की बॅटरीवरचे नट पुन्हा कसा आणि पंख्याचं आतलं कव्हर काढून ग्रोमेट जागेवर आहेत का ते पाहा. त्यानंतर वर्षातून एकदा, उन्हाळा लागायच्या आधी फेब्रुवारीत, तेवढंच पुरे.